रवाल चाल आणि शंभर मैलांची मजल

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्याला जो घोड्यांचा बाजार भरतो, त्यात हौसेखातर गेलेला माणूस घोड्याचा रंग, कपाळावरचा टिळा, आयाळीचा झुपका आणि फार तर आत वळलेली कानांची टोके पाहून परत येतो, परंतु ज्याच्या घराण्यात पागा होती आणि अश्वपरीक्षेच्या गोष्टी ज्याने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या, असे जाणते गिऱ्हाईक या साऱ्याकडे ओझरते पाहून विक्रेत्याला एवढेच म्हणते, "चाल दाखवा." मग स्वार मांड टाकतो, लगाम किंचित उचलतो, आणि जनावर जातिवंत असेल तर ते दुडकी न धरता चारही पाय एकामागून एक टाकीत असे काही निघते की, खाली धुरळा उडत असतानाही वर बसलेल्या स्वाराचा फेटा दोरी धरल्यासारखा एका रेषेत पुढे सरकत राहतो. या चालीला आपल्याकडे रवाल म्हणतात. फारसीतील 'रहवार' म्हणजे सुखाने वाट चालणारा घोडा, या शब्दाशी तिचे नाते आहे. आणि पाठीवर बसून दिवसच्या दिवस मजला मारणाऱ्या लोकांनी ही चाल किती मोलाची मानली असेल, याची साक्ष तो शब्दच देतो.

असे उपजत रवाल चालणारे घोडे जगाच्या अनेक भागांत आहेत, आणि गेल्या काही दशकांत त्यांचे मालक त्यांना एका निराळ्याच कसोटीला नेऊ लागले आहेत. एका दिवसात 50 किंवा 100 मैल डोंगरदऱ्यांतून तोडावयाचे आणि मजल संपल्यावरही घोडा धडधाकट असल्याचे पशुवैद्याला पटवून द्यावयाचे, अशा या 'एन्ड्युरन्स' म्हणजे दमसासाच्या स्पर्धा होत. ज्या चालीने स्वाराला पालखीचे सुख लाभते ती चाल घोड्यालाही शंभर मैलांपर्यंत पुरते काय, हा प्रश्न या स्पर्धांनी उभा केला आहे, आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

प्रथम चालीचे व्याकरण पाहू. सामान्य घोड्याला चालणे, दुडकी, आणि त्यापुढे चौखूर उधळण्याच्या मंद-तीव्र तऱ्हा एवढ्या गती निसर्गतः येतात. आपल्या पूर्वसूरींनी अश्वगतीचा विचार बारकाईने केला होता; अमरकोशात घोड्याच्या पाच गतींना 'धारा' हे नाव देऊन धौरितक, वल्गित, प्लुत अशी त्यांची गणना केली आहे. यांपैकी दुडकीत कर्णावरचे दोन पाय, म्हणजे पुढचा उजवा व मागचा डावा, एकदम पडतात, मग क्षणभर चारही पाय अधांतरी राहतात, आणि नंतर दुसरी जोडी पडते. त्या अधांतरी क्षणानंतर घोड्याचे सारे वजन जमिनीवर येते तेव्हा स्वाराच्या कण्याला जो हिसका बसतो, तो ज्याने अनुभवला त्याला विसरणे कठीण. रवाल जातीच्या चालीत हा अधांतरी क्षणच नाही. पायांचा क्रम साध्या चालण्याचाच राहतो, वेग मात्र दुडकीचा येतो, एक ना एक पाय सतत जमिनीवर असतो, आणि दोन ठोक्यांच्या ठिकाणी चार सुटे ठोके ऐकू येतात.

या एकाच तत्त्वाची रूपे देशोदेशी निरनिराळी झाली. आइसलँडच्या बुटक्या, दाट आयाळीच्या घोड्याच्या चालीला 'टोल्ट' म्हणतात. तिच्या मृदुतेचे प्रदर्शन करण्यासाठी तेथील स्वार हातात बियरचा भरलेला पेला धरून घोडा पळवतात आणि पेला सांडू देत नाहीत. अमेरिकेतील टेनेसी वॉकिंग हॉर्स मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पलीकडे टाकतो आणि प्रत्येक पावलागणिक मान तालात खालीवर डोलवतो. ओझार्क डोंगरातील मिझुरी फॉक्स ट्रॉटर पुढच्या पायांनी जणू चालतो आणि मागच्या पायांनी दुडकी धरतो. पेरूचा पासो घोडा पुढचे पाय खांद्यापासून बाहेरच्या बाजूला डौलात फिरवून टाकतो. कोलंबिया व पोर्तो रिको येथील पासो फिनोची पावले इतकी लहान आणि झपझप पडतात की, स्पर्धेत त्याला लाकडी फळ्यांच्या पट्टीवरून चालवितात आणि ठोक्यांचा समतोल परीक्षक कानांनी पारखतात. ब्राझीलचा मांगालार्गा मार्शादोर, आपल्याकडील मारवाडी आणि काठेवाडी, ही याच गोत्रातली मंडळी. फळीवरच्या त्या ठोक्यांचे स्मरण वाचकाने ठेवावे; पुढे त्यांचे काम पडणार आहे.

मध्ययुगीन युरोपात लांबच्या प्रवासाला असलाच घोडा श्रेष्ठ मानीत. चॉसरच्या यात्रेकरूंतील बाथची बाई अशाच सुखचालीच्या घोड्यावर बसून कँटरबरीला निघालेली आहे. पुढे रस्ते सुधारले, गाड्या आल्या, गाडीला दुडकी धरणारा घोडा अधिक सोयीचा ठरला, आणि युरोपातून रवाल घोडा जवळजवळ हद्दपार झाला. परंतु तत्पूर्वीच तो समुद्र ओलांडून अमेरिकेच्या दोन्ही खंडांत गेला होता, आणि तेथे अफाट मळ्यांवर दिवसभर फिरणाऱ्या मालकांनी व मुकादमांनी त्याची कदर केली. आइसलँडची कथा याहून निराळी आहे. तेथे दहाव्या शतकातच बाहेरून घोडे आणण्यास मनाई झाली, आणि आजही त्या बेटावरून एकदा बाहेर गेलेल्या घोड्याला परत प्रवेश नाही. म्हणून तेथील चाल हजार वर्षे अबाधित राहिली.

ही देणगी रक्तातून येते हे घोडेवाल्यांना पूर्वापार ठाऊक होते, पण तिचे नेमके ठिकाण 2012 साली सापडले. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात असे दाखवून दिले की, डीएमआरटी-3 नावाच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे पाठीच्या कण्यातील, पायांचा मेळ राखणाऱ्या चेतापेशींचे काम बदलते, आणि त्यामुळे घोड्याला नेहमीच्या गतींखेरीज इतर चाली साधतात. जुन्या हाडांतील जनुके तपासून 2016 साली दुसऱ्या एका अभ्यासाने असा निष्कर्ष काढला की, हा बदल इंग्लंडमध्ये नवव्या शतकाच्या सुमारास अस्तित्वात होता आणि वायकिंग लोकांनी असे घोडे तेथून आइसलँडला नेले असावेत. चाबूकस्वार शिकवून चाल सुधारू शकतो, बिघडवूही शकतो. मुळात नसलेली चाल मात्र तो सहसा पैदा करू शकत नाही.

आता मजलेकडे वळू. कॅलिफोर्नियातील ऑबर्न गावचे वेंडेल रोबी हे लाकूडव्यापार आणि पतपेढीचा व्यवहार पाहणारे गृहस्थ होते. पूर्वीच्या काळी टपालवाले आणि खाणकामगार सिएरा नेवाडा ओलांडून ज्या वाटांनी जात, त्या वाटांनी आजचा घोडा एका दिवसात 100 मैल जाऊ शकेल काय, अशी शंका लोक घेत. रोबींनी 1955 च्या ऑगस्टमध्ये काही सोबती घेऊन, आपल्या बँडॉस नावाच्या अरबी घोड्यावरून, टाहो सरोवराच्या बाजूने ऑबर्नपर्यंतची ती मजल चोवीस तासांच्या आत पुरी करून शंकेचे निरसन केले. त्यातूनच टेव्हिस कप ही स्पर्धा निघाली, आणि आधुनिक दमसासाच्या घोडेस्वारीचा आरंभ तेथूनच मानतात. पहाटे सव्वापाचला स्वार निघतात. सुमारे पावणेनऊ हजार फुटांची खिंड चढतात. मग एकामागून एक खोल दऱ्यांत उतरतात, जेथे उन्हाळ्यातली दुपार भट्टीसारखी तापलेली असते. रात्री चांदण्यात नदी ओलांडतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचच्या आत ऑबर्नला पोहोचले तर त्यांना रुपेरी बक्कल मिळते. एकंदर चढ सुमारे 17,000 फुटांचा, उतार त्याहूनही अधिक. निघालेल्यांपैकी साधारणतः निम्मेच मुक्कामाला पोहोचतात. 1974 साली गॉर्डी एन्सली नावाच्या स्वाराने घोड्यावाचूनच, आपल्या दोन पायांनी, याच वाटेने चोवीस तासांच्या आत धाव घेतली, आणि शंभर मैलांच्या पायी शर्यतींचा जगभर पसरलेला पंथ त्यातून निघाला. घोड्यासाठी आखलेल्या कसोटीने माणसालाही नवी कसोटी दिली.

1972 साली स्थापन झालेल्या अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स या संस्थेने अशा स्पर्धांना नियमांची चौकट दिली. 50 मैलांना 12 तास आणि 100 मैलांना 24 तास, विश्रांतीचा वेळ धरून, ही मुदत. आणि मजल पुरी करणे हाच विजय, हे संस्थेचे ब्रीद. हिशेब मांडून पाहिला तर मुदत उदार वाटते. टेव्हिसच्या वाटेवर तासातासाचे दोन सक्तीचे मुक्काम आहेत. ते वजा करता 22 तासांत 100 मैल, म्हणजे ताशी साडेचार मैलांहून किंचित अधिक. पण चढणीवर आणि दगडधोंड्यांच्या उतारावर घोडा पावलापावलानेच जातो, म्हणून जेथे वाट बरी तेथे ताशी आठ-दहा मैलांचा वेग तासन्‌तास टिकवावा लागतो. हा दुडकीचा वेग आहे, आणि नेमका हाच रवाल चालीचाही. दुडकीवरचा स्वार हिसका चुकविण्यासाठी प्रत्येक ठोक्याला रिकिबीत उठतो आणि बसतो. शंभर मैलांत अशा किती हजार उठाबशा होत असतील याचा अंदाज वाचकाने करावा. वयस्क, गुडघ्यांनी वा पाठीने जेर केलेल्या स्वारांनी रवाल घोड्याकडे धाव घेतली ती याच कारणाने.

असे असूनही या क्षेत्रात राज्य अरबी घोड्याचे आहे. सडपातळ बांधा, पातळ कातडी आणि सावकाश थकणारे स्नायू यांमुळे त्याच्या अंगातली ऊब लवकर निघून जाते आणि नाडी झपाट्याने उतरते. रवाल जातींतले पुष्कळसे घोडे अंगाने भरदार असतात. भरल्या अंगात उष्णता कोंडून राहते. अशा घोड्याला थंड पाण्याने वारंवार भिजवावे लागते, मिठाचे क्षार द्यावे लागतात, आणि तयारीची वर्षे अधिक द्यावी लागतात. चालीचेही काही देणे असते. दुडकीत स्नायुबंध ताणले जाऊन रबरासारखे परत आटतात आणि पुढच्या पावलाला थोडी शक्ती फुकट मिळते. सतत जमिनीला पाय लावून चालणाऱ्या घोड्याला एकाच क्रमाने तेच ते स्नायू राबवावे लागतात. शिवाय स्वार उठतच नाही, त्यामुळे त्याचा भार पाठीच्या एकाच जागी अखंड राहतो. म्हणून शहाणा स्वार चालीचा हट्ट धरीत नाही. घोड्याला मधून मधून साधे चालू देतो, चौखूर धावू देतो, येत असेल तर दुडकीही धरू देतो. उतारावर खाली उतरून शेजारून पळतो, आणि उभ्या चढणीवर मागे राहून घोड्याचे शेपूट धरून चढतो. ही शेवटची रीत पाहणाऱ्याला विनोदी वाटते, पण पाठीवरचा भार हलका होतो हे घोड्याला चांगले समजते.

तथापि यांहून मोठा धोका सूक्ष्म आहे. दुडकीवर घोडा थकला की त्याची खबर स्वाराच्या अंगाला आपोआप लागते. हिसके वाढतात, ठेका ढिला पडतो. रवाल चालीत स्वाराचे अंग सुखात असते, आणि ज्याचे अंग सुखात आहे तो दुसऱ्याच्या अंगाचा विचार उशिरा करतो, हा मनुष्यस्वभाव आहे. पालखीतल्या माणसाला भोयांच्या खांद्याचे वळ दिसत नाहीत. म्हणून या स्वाराने अंगावर विसंबू नये, कानावर विसंबावे. घोडा ताजा असतो तोवर चार ठोके सुटे आणि सारख्या अंतराने पडतात. थकवा आला की एका बाजूचे दोन ठोके एकमेकांजवळ सरकू लागतात, चौताल मोडून दोनताल होतो, आणि घोडा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकीत होडीसारखा डुलू लागतो. पासो फिनोच्या फळीवर परीक्षक जे ऐकतात तेच डोंगरातल्या खडकाळ वाटेवर स्वाराने ऐकावयाचे असते. तेथे बक्षीस देण्यासाठी, येथे घोडा वाचविण्यासाठी.

स्वाराचा कान चुकला तरी पशुवैद्य चुकू नये, अशी या खेळाची योजना आहे. आपल्याकडे ज्याला पूर्वी सलोत्री म्हणत, तो येथे खेळाचा खरा पंच आहे. ठराविक टप्प्यांवर त्याची चौकी असते. घोडा आला की सोबती तंग सैल करतात, मानेवर आणि पायांवर पाणी ओततात. 30 मिनिटांच्या आत नाडी नेमून दिलेल्या आकड्यापर्यंत, बहुधा मिनिटाला 64 पर्यंत, उतरावी लागते. मग वैद्य मानेची कातडी चिमटीत उचलून सोडतो. ती झटकन सपाट झाली तर अंगात पाणी आहे, सावकाश बसली तर नाही. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबतो आणि पांढरी पडलेली जागा किती वेळात पुन्हा गुलाबी होते ते पाहतो. कुशीला नळी लावून आतड्यांची गुरगुर ऐकतो. ती थांबली असेल तर पोटशूळाची भीती. शेवटी घोड्याला 125 फूट पळवीत नेऊन परत आणवितो, आणि पळण्यास आरंभ झाल्यापासून एक मिनिटाने नाडी पुन्हा मोजतो. दुसरा आकडा पहिल्याहून चढलेला असेल तर त्याच्या कपाळावर आठी उमटते.

याच पळण्यात रवाल घोड्याची खरी पंचाईत होते. लंगडणे ओळखण्यासाठी वैद्यांना दुडकीच शिकविलेली असते, कारण तिचे दोन ठोके सममित असतात आणि त्यांतला दोष चटकन उघडा पडतो: पुढच्या दुखऱ्या पायावर भार आला की घोडा डोके वर झटकतो, चांगल्या पायावर आला की खाली सोडतो. आता समोर टेनेसी वॉकर आला, तर त्याची मान उपजतच डोलते. पेरूचा पासो आला, तर त्याचे पाय बाहेर फिरतात. अननुभवी डोळ्याला पहिला लंगडा वाटावा आणि दुसऱ्याचा सांधा निखळला आहे की काय अशी शंका यावी. दोहोंतला भेद असा की, उपजत डोलणे दोन्ही बाजूंना सारखे असते आणि दुखण्याचे डोलणे एका बाजूला झुकते. म्हणून जाणते स्वार मजल सुरू होण्यापूर्वीच्या तपासणीत घोड्याला त्याच्या नैसर्गिक चालीत वैद्यासमोर चालवितात, त्याची नोंद करवून घेतात, आणि पुढे प्रत्येक चौकीवर तीच चाल दाखवितात. दुडकी दाखविण्याची सक्ती रवाल घोड्यावर नाही. मात्र सकाळी जी चाल दाखविली तिच्याशी रात्रीची चाल जुळली पाहिजे.

या चौकीचे मोल दुसऱ्या एका गोष्टीशी ताडून पाहिले म्हणजे अधिक कळते. टेनेसी वॉकरच्या प्रदर्शनांत पुढचा पाय अवाजवी उंच उचलला जावा म्हणून घोड्याच्या पायांना मुद्दाम इजा करण्याची अमानुष प्रथा बोकाळली होती, आणि ती रोखण्यासाठी 1970 साली अमेरिकेला कायदा करावा लागला. एकाच जातीचा घोडा, एकच उपजत देणगी. एका रिंगणात ती प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी पिळून काढली गेली, आणि डोंगरवाटेवर तीच देणगी नाडीच्या आकड्यांपुढे नम्र झाली.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू दिसायला देखणे नव्हते, पण थोड्या दाणावैरणीवर दूरच्या मजला मारण्याबद्दल मराठी फौजांत त्याचा लौकिक होता. आणि शिलेदाराचा घोडा मेला तर शिलेदारीच जाई, हा व्यवहार असल्यामुळे घोड्याचा दम राखणे ही त्याला भूतदया वाटत नव्हती, ती त्याची रोजीरोटी होती. आज सारंगखेड्याला किंवा अकलूजला रवाल घोडा घेणाऱ्याने चाल जरूर पाहावी, फेटा हलतो की नाही तेही पाहावे. पण लांब रपेटीची हौस असेल तर त्याच घोड्याला अर्धा तास पळवून खाली उतरावे, घड्याळ हातात धरावे, आणि काखेमागे हात ठेवून नाडी किती वेळात खाली येते ते मोजावे. सौद्याचा आकडा त्यानंतर बोलावा.

आणि शंभर मैलांच्या स्पर्धेत पहिला येणाऱ्या स्वाराचे काय होते? तो रेषा ओलांडतो, लोक टाळ्या वाजवितात, आणि मग वैद्य पुन्हा एकदा नाडी पाहतो, घोडा पुन्हा पळवून आणवितो. हे जनावर आत्ता आणखी पुढे जाण्यास समर्थ आहे, असे त्याने लिहून दिले तरच मजल पुरी झाली असे धरतात. न दिले तर पहिला आलेला स्वार आलाच नाही, अशी नोंद होते.